हायड्रोजन गेला कुठे?

बारावीच्या भौतिकशास्त्रात हायड्रोजनच्या वर्णपटाचा धडा असतो. लायमन, बामर, पाश्चन, ब्रॅकेट, फुंड अशी पाच नावे ओळीने येतात. विद्यार्थी ती पाठ करतात, सूत्र लिहितात, परीक्षेत एखाद्या रेषेची तरंगलांबी काढतात आणि धडा संपतो. यांतल्या पहिल्या दोन मालिकांच्या आधारे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण उलगडले, ही गोष्ट मात्र धड्यात येत नाही. तीच येथे सांगायची आहे. गंमत म्हणजे जे दिसायला हवे होते ते न दिसल्यामुळे या गोष्टीला सुरुवात झाली.

थोडी उजळणी

हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन दुसऱ्या कक्षेतून पहिल्या कक्षेत उतरला, की १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. ही लायमन मालिकेतली पहिली रेषा. तिला लायमन आल्फा म्हणतात. याच्या उलटही घडते. पहिल्या कक्षेत असलेल्या इलेक्ट्रॉनवर नेमक्या याच तरंगलांबीचा प्रकाश पडला, तर अणू तो शोषून घेतो आणि इलेक्ट्रॉन वरच्या कक्षेत जातो. थोड्याच वेळात तो खाली येतो व प्रकाश परत बाहेर पडतो. पण तो कोणत्याही दिशेला जातो. आपल्याकडे येणाऱ्या किरणातून तो वजा झालेला असतो.

अवकाशातल्या विरळ, थंड हायड्रोजनमध्ये जवळजवळ प्रत्येक अणूचा इलेक्ट्रॉन पहिल्या कक्षेतच असतो. म्हणून असा वायू बामर मालिकेतला, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश शोषत नाही. दृश्य प्रकाशाला तो काचेसारखा पारदर्शक असतो. लायमन आल्फाला मात्र तो भिंतीसारखा आडवा येतो. आणि अणूचा इलेक्ट्रॉनच कोणी काढून घेतला, म्हणजे वायू आयनीभूत झाला, तर कक्षा बदलायला इलेक्ट्रॉनच उरत नाही. भिंत नाहीशी होते. एवढ्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या, तर पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

अडचण एकच होती. १२१.६ नॅनोमीटर हा अतिनील प्रकाश आहे आणि या भागातला प्रकाश हवा शोषून घेते. हार्वर्ड विद्यापीठाचे थिओडोर लायमन यांनी १९०६ मध्ये ही मालिका शोधली तेव्हा त्यांना वर्णपटलेखकातली हवा काढून टाकावी लागली होती. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत तर सारे वातावरण आहे. साधारण ३०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश ओझोनच्या थरातून जमिनीवर पोचतच नाही. जमिनीवरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी लायमन मालिका म्हणजे प्रयोगशाळेतली वस्तू होती. ती दुर्बिणीत दिसेल असे कोणाला वाटले नव्हते.

ओळखीच्या रेषा, अनोळखी जागी

१९६२ साली ऑस्ट्रेलियात पार्क्स येथील रेडिओ दुर्बिणीने सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रेडिओस्रोताचे चंद्राकडून होणारे पिधान पाहिले. केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतला २७३ क्रमांकाचा म्हणून त्याचे नाव ३सी २७३. चंद्राच्या कडेआड स्रोत कोणत्या क्षणी गेला आणि कोणत्या क्षणी बाहेर आला, हे मोजले की त्याची आकाशातली जागा अचूक कळते. त्या जागी १३व्या प्रतीचा, ताऱ्यासारखा दिसणारा एक ठिपका होता.

अमेरिकेत पालोमार येथील २०० इंची दुर्बिणीतून मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला. त्यातल्या रेषा कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेनात. फेब्रुवारी १९६३ मध्ये श्मिट यांच्या लक्षात आले, की रेषांमधली अंतरे बामर मालिकेसारखी आहेत. फक्त सारी मालिका तांबड्या टोकाकडे सरकली आहे. ४८६ नॅनोमीटरची रेषा ५६३ नॅनोमीटरवर होती. प्रत्येक तरंगलांबी सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती.

विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या प्रकाशाच्या लहरी प्रवासात ताणल्या जातात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. ३सी २७३ची ताम्रसृती ०.१६ म्हणजे त्याचा प्रकाश निघून दोनशे कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एवढ्या लांबूनही तो १३व्या प्रतीचा दिसत होता. अशा वस्तूंना पुढे क्वेसार हे नाव पडले. कित्येक क्वेसार सबंध दीर्घिकेच्या शंभर-शंभर पट तेजस्वी असतात. त्यांचे तेज दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूतून येते, असे आज मानले जाते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने क्वेसार म्हणजे फार दूर ठेवलेला प्रखर दिवा. मोटारीच्या दिव्याच्या झोतात जसे धुके उमटते, तसा मधल्या वाटेवरचा वायू या दिव्याच्या प्रकाशात उमटायला हवा.

काळा पट्टा असायला हवा होता

१९६५ मध्ये श्मिट यांनी आणखी काही क्वेसारांच्या ताम्रसृती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या ३सी ९ची ताम्रसृती २.०१ भरली. म्हणजे प्रत्येक तरंगलांबी ३.०१ पट झाली होती. १२१.६ला ३.०१ने गुणून पाहा, ३६६ येतात. लायमन यांना निर्वात पेटीत पाहावी लागलेली रेषा वातावरणाच्या खिडकीतून थेट जमिनीवर आली होती.

श्मिट यांच्याच संस्थेत, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये, जेम्स गन आणि ब्रूस पीटरसन हे दोन तरुण होते. त्यांनी हा वर्णपट पाहून एक साधा प्रश्न विचारला. लायमन आल्फा रेषेच्या निळ्या बाजूला काय दिसायला हवे?

क्वेसारमधून निघालेला १०० नॅनोमीटरचा प्रकाश घ्या. निघताना हायड्रोजन त्याला अडवत नाही, कारण त्याची तरंगलांबी १२१.६ नाही. पण वाटेत तो ताणला जातो: १०५, ११०, ११५... आणि एका ठिकाणी नेमका १२१.६ होतो. त्या ठिकाणी उदासीन, म्हणजे इलेक्ट्रॉन शाबूत असलेला, हायड्रोजन असला तर प्रकाश तेथेच अडेल. ११० नॅनोमीटरच्या प्रकाशावर हीच पाळी आधी येईल, ९५च्या प्रकाशावर नंतर. म्हणजे वर्णपटातली प्रत्येक जागा वाटेवरच्या एकेका ठिकाणाची साक्ष देते. वाटेत सर्वत्र उदासीन हायड्रोजन पसरला असेल, तर लायमन आल्फाच्या निळ्या बाजूला प्रकाश उरणारच नाही. तेथे सलग काळा पट्टा असेल.

हे वर्गात करून दाखवता येते. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीची इलॅस्टिकची रुंद पट्टी घ्या. तिचे एक टोक टाचणीने फळ्यावर पक्के करा आणि त्याच टोकाशी शून्य येईल अशी ३० सेंटिमीटरची फूटपट्टी शेजारी ठेवा. फूटपट्टीवरची १२ सेंटिमीटरची खूण म्हणजे लायमन आल्फा. एका विद्यार्थ्याने इलॅस्टिकचे मोकळे टोक हळूहळू ओढत ते दुप्पट करायचे. दुसऱ्याने स्केचपेन १२च्या खुणेवरच स्थिर धरायचे. पेन सतत टेकवून ठेवले, तर शेवटी १२ ते २४ सेंटिमीटरपर्यंत सलग रंगलेला पट्टा मिळतो. पेन मध्ये मध्ये टेकवले, तर सुट्या रेषा मिळतात. २४जवळच्या रेषा प्रवासाच्या आरंभीच्या, म्हणजे क्वेसारच्या शेजारच्या. १२जवळच्या रेषा आपल्या शेजारच्या.

गन आणि पीटरसन यांनी हिशेब केला. हायड्रोजन हे विश्वातले सर्वांत विपुल मूलद्रव्य. त्याचा बराचसा भाग दीर्घिकांच्या बाहेर उदासीन अवस्थेत असेल, तर पट्टा कुट्ट काळा दिसला पाहिजे. प्रत्यक्षात ३सी ९च्या वर्णपटात लायमन आल्फाच्या निळ्या बाजूचा प्रकाश सुमारे ४० टक्के कमी झालेला होता. बाकीचा सुखरूप येत होता. भिंत जवळजवळ नव्हतीच. इंग्लंडमध्ये पीटर शॉयर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच प्रकारचा विचार मांडला.

मग हायड्रोजन गेला कुठे? उत्तरे दोन संभवत होती. दीर्घिकांच्या मधली जागा खरोखरच रिकामी असेल; किंवा वायू तेथे आहे, पण त्याचे इलेक्ट्रॉन सुटून गेले असल्यामुळे तो दिसत नाही. दुसरे उत्तर खरे असेल, तर आणखी एक प्रश्न येतो. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पुरेसे थंड झाले आणि प्रोटॉन व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन उदासीन हायड्रोजन बनला. तो पुन्हा फोडला कोणी, आणि केव्हा?

रेषांचे रान

पट्टा नसला तरी सुट्या रेषा असतील, अशी अपेक्षा जॉन बाकॉल आणि एडविन साल्पीटर यांनी १९६५ मध्येच व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षी क्वेसारांच्या वर्णपटांत अरुंद शोषणरेषा सापडू लागल्या. १९७१ मध्ये रॉजर लिंड्स यांनी २.८८ ताम्रसृतीच्या एका क्वेसारचा वर्णपट घेतला. त्यात लायमन आल्फाच्या तांबड्या बाजूला वर्णपट बराचसा स्वच्छ होता, तर निळ्या बाजूला काळ्या रेषांची दाटी होती. लिंड्स यांनी सुचवले, की यांतल्या बहुतेक रेषा म्हणजे एकच रेषा, लायमन आल्फा. वाटेवरच्या वेगवेगळ्या ढगांत उमटलेली. या दाटीला पुढे ‘लायमन आल्फाचे रान’ असे नाव पडले.

हा अर्थ सर्वांनी लगेच स्वीकारला नाही. क्वेसारनेच वायू बाहेर फेकला असेल आणि या रेषा त्या वायूतल्या असतील, असे म्हणणारे शास्त्रज्ञ होते. काहींचा आक्षेप त्याहून मुळाशी होता. क्वेसारांची ताम्रसृती विश्वाच्या प्रसरणामुळेच आहे, हेच त्यांना मान्य नव्हते. फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज, हॉल्टन आर्प यांच्याबरोबर आपले जयंत नारळीकर यांनीही हा प्रश्न दीर्घकाळ लावून धरला. शंका रास्त होती. सारा डोलारा ताम्रसृतीच्या एका अर्थावर उभा होता आणि तो अर्थ तपासून घेणे आवश्यक होते.

तपासण्या झाल्या. १९८० मध्ये वॉलेस सार्जंट, पीटर यंग, अलेक बोक्सेनबर्ग आणि डेव्हिड टायटलर यांनी अनेक क्वेसारांमधील रेषा मोजल्या. रेषा क्वेसारपाशी गर्दी करून नव्हत्या. सबंध वाटेवर विखुरलेल्या होत्या. मधल्या वायूकडून हीच अपेक्षा होती. १९८६ मध्ये जॅकलिन बर्जरॉन यांनी एका क्वेसारच्या वर्णपटातील मॅग्नेशियमच्या शोषणरेषेची ताम्रसृती घेतली आणि क्वेसारच्या दृष्टिरेषेला लागून असलेल्या एका दीर्घिकेची ताम्रसृती तेवढीच असल्याचे दाखवले. दिव्यासमोरची वस्तू प्रत्यक्ष दिसली होती.

हायड्रोजनचे ढग आहेत म्हटल्यावर दुसरे उत्तर बळकट झाले. दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही. तेथे वायू आहे, आणि त्यातला लाखात एखादाच अणू उदासीन आहे. आपल्याला दिसतो तो हा लाखातला एक अणू.

१९९०च्या दशकात चित्र आणखी बदलले. १९९१ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने वातावरणाच्या बाहेरून ३सी २७३चा अतिनील वर्णपट घेतला. तेव्हा आपल्या जवळच्या विश्वातही अपेक्षेपेक्षा जास्त लायमन आल्फा रेषा सापडल्या. हवाईमधील १० मीटरच्या केक दुर्बिणीने रेषा इतक्या बारकाईने दाखवल्या, की पुष्कळ हायड्रोजनरेषांच्या जोडीला कार्बनच्या फिकट रेषाही दिसल्या. कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो; म्हणजे तारे त्याआधीच जन्मून गेले होते. १९९४पासून संगणकावर विश्वाची प्रतिरूपे करण्यात आली. त्यांत असे दिसले, की सुटे गोल ढग मानायची गरज नाही. गुरुत्वाकर्षणामुळे वायू तंतूंच्या अवाढव्य जाळ्यात गोळा होतो आणि क्वेसारचा किरण जेथे जेथे हा तंतू छेदतो तेथे तेथे रेषा उमटते. अशा हजारो किरणांवरून जाळ्याचा आराखडा मांडता येतो. २०१३ मध्ये ४८ हजारांहून अधिक क्वेसारांच्या वर्णपटांवरून सुमारे १,१०० कोटी वर्षांपूर्वीच्या विश्वाचे प्रसरण याच रीतीने मोजले गेले.

३६ वर्षांनी अंधार

पण मूळ प्रश्न शिल्लकच होता. उदासीन हायड्रोजनचा काळा पट्टा कधीतरी दिसायला हवा. पुरेसे दूर, म्हणजे पुरेसे मागे गेलो, तर वायू फुटण्याआधीचा काळ येईलच. त्यासाठी आणखी दूरचे दिवे हवे होते आणि ते फार दुर्मीळ असतात.

ते शोधण्याच्या कामात जेम्स गन पुन्हा भेटतात. न्यू मेक्सिकोतील २.५ मीटरच्या दुर्बिणीवर स्लोन आकाश सर्वेक्षण सुरू झाले. तिच्या कॅमेऱ्यात ३० मोठे सीसीडी होते आणि त्याच्या रचनेमागे मुख्यतः गन होते. या सर्वेक्षणात शियाओहुई फान आणि सहकारी अशा ठिपक्यांच्या मागे लागले, जे सर्वांत तांबड्या गाळणीतून दिसतात आणि तिच्या अलीकडच्या गाळणीत जवळजवळ नाहीसे होतात. ज्या शोषणाचा शोध घ्यायचा होता, तेच येथे खुणेसारखे उपयोगी पडले.

२००१ मध्ये ६.२८ ताम्रसृतीचा क्वेसार सापडला. केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. लायमन आल्फा ८८५ नॅनोमीटरवर आली होती आणि तिच्या निळ्या बाजूला एका टप्प्यात मोजण्याजोगा प्रकाशच नव्हता. रॉबर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गन आणि पीटरसन यांनी १९६५ मध्ये वर्तवलेला पट्टा ३६ वर्षांनी मिळाला होता.

येथे थोडे जपून बोलावे लागते. लायमन आल्फा ही रेषा फार हळवी आहे. त्या काळातल्या दाट वायूत हजारात एक अणू उदासीन असला, तरी पट्टा पूर्ण काळा दिसतो. त्यामुळे काळ्या पट्ट्यावरून ‘सगळा वायू उदासीन होता’ असे म्हणता येत नाही. ‘येथे उदासीन वायूचे प्रमाण झपाट्याने वाढू लागले आहे’ एवढेच म्हणता येते. पुढे मिळालेल्या इतर क्वेसारांवरून असे ठरले, की वायूचे हे दुसऱ्यांदा आयनीभूत होणे महास्फोटानंतर साधारण १०० कोटी वर्षांच्या सुमारास संपले. ते घडवले पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने, असा अंदाज आहे. त्यात छोट्या दीर्घिकांचा वाटा किती होता, हे डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीतून तपासले जात आहे.

पुण्याशी असलेले नाते

या गोष्टीचे दोन धागे पुणे परिसरात येतात. नारळीकर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे संस्थापक संचालक. महास्फोट सिद्धांताला त्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले. याच संस्थेतले रघुनाथन श्रीआनंद आणि त्यांचे फ्रान्समधील सहकारी यांनी २००० साली एका क्वेसारच्या वाटेवरील वायूत, २.३४ ताम्रसृतीवर, कार्बनच्या रेषा बारकाईने मोजल्या. तेव्हाच्या विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाचे तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान होते, असे त्यावरून निघाले. आजचे तापमान २.७ केल्विन आहे. प्रसरणाच्या हिशेबाने ते तेव्हा २.७ गुणिले ३.३४, म्हणजे सुमारे ९ केल्विन असायला हवे. मोजमाप महास्फोटाच्या बाजूने गेले. संचालकाची शंका आणि त्याच्याच संस्थेतून आलेला उलट बाजूचा पुरावा शेजारी शेजारी नांदले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

दुसरा धागा नारायणगावजवळ खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरीही सोडतो. दूरच्या विश्वातून येणाऱ्या अशा ताणलेल्या लहरी पकडणे हा या दुर्बिणीमागचा एक मुख्य हेतू होता. २०२० मध्ये तिच्या सुधारित रूपाने साडेसात हजारांहून अधिक दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला गेला. लायमन आल्फा जेथे काळी पडते त्याच्याही पलीकडे जायचे, तर ही २१ सेंटिमीटरची लहर उपयोगी पडेल. कारण ती हळवी नाही आणि पूर्ण उदासीन वायूतूनही बाहेर येते. ८ ताम्रसृतीवरून निघालेली लहर आपल्यापर्यंत पोचताना १८९ सेंटिमीटरची झालेली असेल. तो अतिशय क्षीण संकेत निर्विवादपणे पकडण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी चालू आहेत.

पुढच्या वेळी बारावीच्या वर्गात लायमन मालिका शिकवताना १२१.६ हा आकडा फळ्यावर लिहावा आणि त्याला आधी ३.०१ने, मग ७.२८ने गुणायला सांगावे. पहिल्या उत्तरापाशी १९६५ मध्ये प्रकाश सापडला आणि दुसऱ्यापाशी २००१ मध्ये अंधार. दोन्ही वेळी कोणता निष्कर्ष काढता येतो आणि कोणता काढता येत नाही, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. या प्रश्नावर वर्गात वाद झाला, तर धडा नीट पोचला असे समजायला हरकत नाही.